पक्षांविना निवडणुका : स्कँडिनेव्हियाच्या संसदीय इतिहासातील पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्क या तीन देशांत प्रतिनिधी निवडून पाठवण्याची रीत राजकीय पक्षांपेक्षा पुष्कळ जुनी आहे. स्वीडनमध्ये चार वर्गांची संसद, म्हणजे रिक्सडाग, १८६६पर्यंत भरत होती. नॉर्वेची स्टोर्टिंग १८१४च्या राज्यघटनेतून जन्माला आली. डेन्मार्कमध्ये १८३०च्या दशकात केवळ सल्ला देणाऱ्या वर्गसभा आल्या आणि १८४९च्या घटनेने खरी संसद दिली. मतदारांना संघटित करणारे पक्ष मात्र डेन्मार्कमध्ये १८७०पासून, नॉर्वेत १८८४मध्ये आणि स्वीडनमध्ये त्याहूनही उशिरा उभे राहिले. तोपर्यंतच्या निवडणुकांत पक्षाची उमेदवारी नव्हती, जाहीरनामा नव्हता आणि देशभर एकच मागणी घेऊन फिरणारे कार्यकर्तेही नव्हते.

या निवडणुकांकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत. पूर्वपक्ष म्हणतो की मत माणसाला दिले जात होते, माणूस ओळखीचा होता आणि म्हणून ते मत अधिक शुद्ध होते. उत्तरपक्ष म्हणतो की पक्ष नव्हते म्हणून मतदार मोकळा होता असे नाही. उलट तो एकटा होता, आणि एकट्या मतदाराच्या मागे जमीनदार, पाद्री किंवा अधिकारी उभा असे. दोन्ही बाजूंची तपासणी देशवार आणि काळाच्या क्रमाने करता येते.

स्वीडन : चार वर्गांची संसद

स्वीडनच्या जुन्या रिक्सडागमध्ये सरदार, पाद्री, नगरवासी आणि शेतकरी असे चार वर्ग वेगवेगळे बसत. सरदारांची निवडणूक होतच नसे. प्रत्येक सरदार घराण्याच्या प्रमुखाला जन्माने जागा मिळे. बिशप पदसिद्ध सदस्य असत, तर उरलेले पाद्री आपापल्या धर्मप्रांतातून निवडून येत. शहरे आपले प्रतिनिधी पाठवत. ग्रामीण भागात जमीनधारक शेतकरी आपल्या तालुक्यातून आपल्यासारखाच एक शेतकरी निवडत. प्रत्येक वर्गाला एक मत होते आणि सर्वसाधारण प्रश्नांवर तीन वर्ग एका बाजूला आले की निर्णय होई.

पूर्वपक्ष : शेतकऱ्यांना संसदेत स्वतःचा वर्ग असणे ही त्या काळच्या युरोपात दुर्मीळ गोष्ट होती. आणि हा प्रतिनिधी अनोळखी नसे. तो त्याच तालुक्यात नांगर धरणारा माणूस असे. राजधानीला निघताना त्याच्याजवळ तालुक्याने दिलेले अधिकारपत्र असे, सोबत गावकऱ्यांच्या तक्रारींची यादी असे, आणि त्याचा प्रवासखर्च व मुक्कामाचा खर्च तालुकाच वर्गणी काढून भागवी. ज्याने पैसे मोजले त्याला हिशेब मागण्याचा हक्क आपोआप मिळतो. परत आल्यावर हा माणूस त्याच चर्चमध्ये, त्याच बाजारात दिसणार. एवढी थेट जबाबदारी कोणता पक्ष देऊ शकेल?

उत्तरपक्ष : जबाबदारी होती, पण कोणाशी? सरदारांच्या जमिनी कसणाऱ्या कुळांना शेतकरी वर्गात मतच नव्हते. करदाते जमीनमालक आणि राजाच्या जमिनीवरील शेतकरी एवढ्यांचाच तो वर्ग होता. भूमिहीन मजूर, गडी आणि स्त्रिया तर हिशेबातही नव्हत्या. वर्गणीची गोष्टही दुधारी आहे. खर्च परवडेना म्हणून अनेक तालुके मिळून एकच प्रतिनिधी पाठवत आणि लहान शहरे एकमेकांच्या माणसावर काम भागवत. म्हणजे गरिबी वाढली की प्रतिनिधित्व घटे. शिवाय परराष्ट्र व्यवहार आणि राज्याची तिजोरी ज्या गुप्त समितीत चर्चिली जाई, त्या समितीत शेतकऱ्यांना एरवी प्रवेशच नसे. घरचा माणूस सभागृहात पोहोचला, पण महत्त्वाचे दार त्याच्यासाठी बंद राहिले.

हॅट आणि टोपी : मतदारांविना पक्ष

१७१९ ते १७७२ हा स्वीडनच्या इतिहासातला ‘स्वातंत्र्याचा काळ’. राजाची सत्ता आखडली आणि रिक्सडाग सर्वोच्च झाली. याच काळात ‘हॅट’ आणि ‘टोपी’ असे दोन गट सभागृहात आमनेसामने आले. हॅट गटाने १७३८मध्ये सत्ता हाती घेतली. त्याचा ओढा फ्रान्सकडे होता. टोपी गट रशिया आणि इंग्लंडशी सलोखा ठेवण्याच्या मताचा होता. १७६५मध्ये टोपी गटाने हॅट गटाला सत्तेवरून खाली खेचले.

पूर्वपक्ष : या गटांचा अनुभवच पक्षांविरुद्धचा मोठा पुरावा आहे. फ्रान्स, रशिया आणि इंग्लंड यांचे वकील स्टॉकहोममध्ये पैसे वाटत होते आणि सदस्यांची मते विकत घेतली जात होती. गट बांधले की त्यांना पोसणारा धनी लागतो. १७७२च्या ऑगस्टमध्ये राजा तिसऱ्या गुस्तावने सत्ता काबीज केली तेव्हा गटबाजीला विटलेले पुष्कळ लोक त्याच्या बाजूने होते.

उत्तरपक्ष : पैसा चालला, कारण हे गट सभागृहापुरते होते. त्यांची मुळे मतदारांत नव्हती. वर्गणी देणारे सभासद नव्हते आणि गावोगावी शाखाही नव्हत्या. प्रतिनिधीला धाक फक्त राजधानीतल्या पुढाऱ्याचा होता. १७४०च्या दशकात स्टॉकहोमच्या काही नागरिकांनी नेमका हाच प्रश्न उभा केला : प्रतिनिधी ज्यांनी पाठवला त्या मतदारांच्या सूचनांना बांधील आहे की नाही? हा वाद बरीच वर्षे चालला आणि १७४७मध्ये रिक्सडागने बांधिलकीचा सिद्धान्त फेटाळून लावला. एकदा निवडून आलेला सदस्य मतदारांना उत्तरदायी नाही, असा त्याचा अर्थ. म्हणजे तालुक्याने खर्च केला तरी तालुक्याला आदेश देता येत नव्हता. पूर्वपक्षाने ज्या हिशेबाचा गौरव केला, तो सभागृहाने स्वतःच नाकारला होता.

पूर्वपक्ष : तरीही याच सभागृहातून १७६६चा वृत्तपत्रस्वातंत्र्याचा कायदा आला. त्यामागे अँडर्स किडेनियस नावाचा, तेव्हा स्वीडनच्या राज्यात असलेल्या फिनलंडच्या किनाऱ्याजवळच्या एका छोट्या गावातला दुय्यम पाद्री होता. असा माणूस राजधानीत पोहोचतो तो त्याच्या भागातील पाद्र्यांच्या विश्वासामुळे.

उत्तरपक्ष : किडेनियसची योग्यता निर्विवाद आहे. पण तो कायदा मंजूर झाला तो टोपी गटाचे बहुमत आल्यानंतरच्या रिक्सडागमध्ये. चांगला विचार एका माणसाला सुचतो. तो कायदा व्हायला सोबत लागते. आणि त्याच गटाने धोरणावर टीका केली म्हणून किडेनियसला त्याच अधिवेशनात बाहेरही काढले. मतदारांनी पाठवलेल्या माणसाला सभागृहाने घालवले आणि मतदारांना त्यावर काही म्हणता आले नाही.

नॉर्वे : चर्चमधले मतदान

१८१४मध्ये नॉर्वे डेन्मार्कपासून तुटला. आयड्सव्होल येथे ११२ सदस्यांच्या सभेने १७ मे रोजी राज्यघटना संमत केली. या सदस्यांत निम्म्याहून अधिक मुलकी व लष्करी अधिकारी आणि पाद्री होते. शेतकरी ३७ होते. त्यांनी ठरवलेला मताधिकार त्या काळी युरोपातील सर्वांत विस्तृत मताधिकारांपैकी एक होता. वय २५ पूर्ण, देशात पाच वर्षे वास्तव्य, आणि पुढीलपैकी एक अट : सरकारी अधिकारी असणे किंवा पूर्वी असलेला असणे, ग्रामीण भागात नोंदणीकृत जमीन मालकीची किंवा पाच वर्षांहून अधिक मुदतीच्या कराराची असणे, शहरात नागरिकत्वाचा परवाना किंवा किमान ३०० रिक्सबँकडालर किमतीची स्थावर मालमत्ता असणे.

मतदानाचा विधी घटनेतच बारकाईने लिहिला होता. ग्रामीण भागात परगण्याच्या मुख्य चर्चमध्ये मतदार जमत आणि कारभार परगण्याचा पाद्री आपल्या साहाय्यकांसह पाही. मतदानापूर्वी पाद्री राज्यघटना मोठ्याने वाचून दाखवी. मग मतदारयादीतल्या क्रमाने एकेकाचे मत घेतले जाई. आजारी किंवा सैन्यात असलेल्यांना लेखी मत पाठवता येई. मत विकत घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा मताधिकार जाई. हे मत प्रतिनिधीला नसे, निर्वाचकाला असे. ग्रामीण भागात शंभर मतदारांमागे एक, शहरात पन्नासांमागे एक असे निर्वाचक निवडले जात. ते नंतर एकत्र जमून स्टोर्टिंगचे प्रतिनिधी निवडत. ग्रामीण जिल्ह्यांत निर्वाचकांच्या संख्येच्या सुमारे एकदशांश, तर शहरांत एकचतुर्थांश इतके प्रतिनिधी असत. उमेदवारी अर्ज नव्हता. ज्याची निवड होई त्याला सबळ कारणाशिवाय नकार देता येत नसे, आणि त्याचा खर्च राज्याची तिजोरी देई.

पूर्वपक्ष : यापेक्षा गंभीर मतदान कल्पिणे कठीण आहे. घटना कानांवर पडल्यावर, शेजाऱ्यांच्या साक्षीने, देवळाच्या पवित्र जागेत मत दिले जात होते. कोणी मते मागत फिरत नव्हते. पद हा मिळवण्याचा मान नसून पार पाडायचे कर्तव्य होते. दोन पायऱ्यांमुळे प्रत्येक मतदाराला फक्त एवढेच ठरवायचे होते की आपल्या परगण्यात शहाणा माणूस कोण. ते त्याला नक्की कळत होते. आणि खर्च राज्याकडे असल्याने स्वीडनमधला गरिबीचा प्रश्नही इथे सुटला होता.

उत्तरपक्ष : विधी गंभीर होता, पण दोन पायऱ्यांत मतदाराची इच्छा विरून जाई. त्याने निवडलेला निर्वाचक पुढे कोणाला मत देईल हे त्याला सांगता येत नसे. मतदानाचा कारभार पाद्री पाही, आणि निवडून येणाऱ्यांत पाद्री, न्यायाधीश, लष्करी अधिकारी यांचाच भरणा असे. लिहिता-वाचता येणारा, राजधानी पाहिलेला माणूस म्हणजे अधिकारी, हे समीकरण लोकांच्या मनात पक्के होते. नॉर्वेच्या इतिहासकारांनी १८१४ ते १८८४ या काळाला ‘अधिकाऱ्यांचे राज्य’ म्हटले आहे. शिवाय मतदारयादीत नाव येण्यासाठी घटनेशी निष्ठेची शपथ घेऊन नोंद करावी लागे, आणि पात्र असूनही पुष्कळ शेतकरी ती नोंदच करत नसत. आपल्या मताने काही बदलेल असे त्यांना वाटत नव्हते.

पूर्वपक्ष : बदल झाला, आणि तोही पक्षाविना. नॉर्डमोर भागातल्या जॉन नेरगार्ड या शेतकऱ्याने १८३०मध्ये पुस्तक लिहून शेतकऱ्यांना सांगितले की शेतकऱ्यालाच निवडा. तो गावोगाव फिरला. १८३२च्या निवडणुकीतून १८३३ची स्टोर्टिंग आली ती ४५ शेतकरी घेऊन. प्रथमच ते अधिकाऱ्यांपेक्षा संख्येने जास्त होते. उले गॅब्रिएल उएलांड हा शेतकरी नेता त्याच सभागृहात प्रथम आला. १८३७मध्ये गावांना स्थानिक स्वराज्य देणारे कायदे झाले. एक पुस्तक आणि ओळखीचे मतदार एवढ्यावर हे साधले.

उत्तरपक्ष : नेरगार्डचे उदाहरण उत्तरपक्षाचेच काम करते. एका जिल्ह्याबाहेर जाऊन अनेक जिल्ह्यांतल्या मतदारांना एकच गोष्ट सांगणे, एका हिताभोवती मते एकवटणे, हे पक्षाचे काम आहे. फक्त त्याला अजून नाव नव्हते. आणि संघटना नसल्याने ते टिकले नाही. पुढच्या निवडणुकांत शेतकऱ्यांचा जोर सतत राहिला नाही आणि सरकार राजाने नेमलेल्या मंत्र्यांचेच राहिले. १८६५पासून सोरेन योबेक याने ‘शेतकरी-मित्र’ संघटना उभ्या केल्या तेव्हा कुठे या मागणीला कायमचे हातपाय मिळाले.

डेन्मार्क : चौथऱ्यासमोर हात वर

डेन्मार्कमध्ये १८४८च्या उठावांनंतर राजाने निरंकुश सत्ता सोडली. घटनासमितीच्या १५२ जागांपैकी ११४ निवडणुकीने आणि ३८ राजाच्या नेमणुकीने भरल्या गेल्या. ५ जून १८४९च्या घटनेने फोल्केटिंग या संसदेच्या खालच्या सभागृहासाठी ३० वर्षांवरील, स्वतःचे घर चालवणाऱ्या आणि गरिबांसाठीची मदत न घेतलेल्या पुरुषांना मत दिले. दुसऱ्याच्या घरी राहणारे गडी आणि सर्व स्त्रिया त्यातून वगळल्या गेल्या. मतदारसंघ एक-एक जागेचे होते.

मतदान उघड्यावर होई. मतदारसंघाच्या ठरलेल्या ठिकाणी चौथरा उभारला जाई. उमेदवार त्यावर चढून भाषण करी, खालून प्रश्न विचारले जात आणि तो उत्तरे देई. मग एकेका उमेदवाराचे नाव पुकारून हात वर करायला सांगत, आणि मंडळ डोळ्यांनी अंदाज घेऊन कोणाचे हात जास्त ते जाहीर करी. हरलेल्याला हे मान्य नसेल तर तो नोंदवून मतदान मागू शकत असे. तेव्हा प्रत्येक मतदार पुढे येऊन नाव सांगे आणि त्याने कोणाला मत दिले ते वहीत लिहिले जाई. एकच उमेदवार असला तरी मतदारांनी हात वर करून त्याला संमती द्यावी लागे. गुप्त मतदान आले ते १९०१मध्ये.

पूर्वपक्ष : इथे मतदार उमेदवाराला समोरासमोर प्रश्न विचारत होता. लपवाछपवी नव्हती. आपले मत सर्वांदेखत सांगण्याची हिंमत ही नागरिकत्वाची पहिली परीक्षा आहे. ग्रुंटविगसारखा पाद्री आणि कवी याच सभांतून घटनासमितीत पोहोचला, तो कोणाची उमेदवारी घेऊन नव्हे.

उत्तरपक्ष : हिंमत दाखवण्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. ज्याची झोपडी आणि मजुरी जमीनमालकाच्या हाती आहे, त्याने जमीनमालकाच्या कारभाऱ्यादेखत हात वर करणे म्हणजे पुढच्या वर्षीच्या छपराची चिंता ओढवून घेणे. सावकार, मालक आणि पाद्री ओळखीचे असणे ही गावातली सर्वांत मोठी अडचण होती. पूर्वपक्ष ज्या ओळखीला बळ मानतो, तीच ओळख दुर्बळाच्या गळ्यात दोरी होऊन बसते. म्हणूनच १८४६मध्ये स्थापन झालेल्या ‘शेतकरी-मित्र मंडळा’ने पहिल्या निवडणुकांपासून उमेदवार उभे केले आणि मतदारांना सोबत मिळवून दिली. एकट्याने हात वर करणे अवघड; शंभर जणांनी मिळून करणे सोपे.

स्वीडन, १८६६नंतर : मालमत्तेची शिडी

७ डिसेंबर १८६५ रोजी सरदारांच्या सभेने ३६१ विरुद्ध २९४ मतांनी स्वतःच्या विसर्जनाला संमती दिली. न्यायमंत्री लुई द यीर याच्या योजनेनुसार दोन सभागृहांची रिक्सडाग आली. वरच्या सभागृहाची निवड जिल्हा परिषदा आणि मोठ्या शहरांच्या सभा करत. तिथे बसायला ८०,००० रिक्सडालरची स्थावर मालमत्ता किंवा वर्षाला ४,००० रिक्सडालर उत्पन्न लागे, आणि वेतन नसे. खालच्या सभागृहासाठी मत द्यायला १,००० रिक्सडालर किमतीची मालमत्ता, ६,००० किमतीची भाडेपट्ट्याची जमीन किंवा ८०० रिक्सडालर वार्षिक उत्पन्न ही अट होती. लोकसंख्येपैकी पाच-सहा टक्क्यांनाच मत मिळाले, आणि सुरुवातीला त्यांतलाही जेमतेम पाचवा हिस्सा मतदानाला येई.

उत्तरपक्ष : पक्ष नसले की सत्ता मोकळी राहत नाही, ती मालमत्तेकडे वाहते. स्थानिक निवडणुकांत मतांची संख्या करावर अवलंबून होती. १८७१मध्ये ५४ ग्रामीण स्थानिक संस्थांत एकाच मतदाराच्या हाती निम्म्याहून अधिक मते होती. अशाच संस्थांतून जिल्हा परिषद आणि तिच्यातून वरचे सभागृह तयार होई. तिथे पक्षाची गरजच काय? एकटा मालक हाच पक्ष होता.

पूर्वपक्ष : हा दोष मताधिकाराच्या कायद्याचा आहे, पक्ष नसण्याचा नव्हे. खालच्या सभागृहात १८६७मध्येच शेतकऱ्यांचा गट, लांटमन्ना, उभा राहिला. जमिनीवरचे जुने कर रद्द करावेत यासाठी त्याने वर्षानुवर्षे झुंज दिली. सभागृहातले सदस्य एकत्र आले, पण मतदारसंघात पक्षाची यंत्रणा नव्हती.

उत्तरपक्ष : म्हणूनच ती झुंज एवढी लांबली. खरा बदल १८८७मध्ये झाला. धान्यावर आयातकर असावा की नसावा यावर त्या वर्षी दोनदा निवडणूक झाली आणि मतदानाला येणाऱ्यांची संख्या एकदम वाढली, कारण पहिल्यांदाच मताचा अर्थ सगळ्या देशाला सारखा कळत होता. शरद ऋतूत स्टॉकहोममध्ये मुक्त व्यापारवाल्यांच्या यादीतले २२ उमेदवार जिंकले. पण त्यांपैकी एकाकडे ११ क्रोनर ५८ ओर इतका कर थकला होता. त्याचे नाव असलेल्या सगळ्या मतपत्रिका बाद ठरल्या आणि २२ही जागा आयातकराच्या समर्थकांना गेल्या. देशाचे धोरण फिरले. उमेदवारांची पात्रता तपासणारी जबाबदार संघटना नसली तर एका थकबाकीने हजारोंची इच्छा उलटते, हा धडा स्वीडनने तेव्हा घेतला.

पक्षांचा उदय

डेन्मार्कमध्ये १८७०मध्ये ‘संयुक्त व्हेन्स्ट्रे’ हा गट बनला आणि दोन वर्षांत फोल्केटिंगमध्ये त्याचे बहुमत झाले. नॉर्वेत मंत्र्यांनी स्टोर्टिंगसमोर येऊन उत्तरे द्यावीत, या मागणीवरून राजा आणि स्टोर्टिंग यांत दीर्घ संघर्ष झाला. १८८२ची निवडणूक याच प्रश्नावर लढली गेली. मताधिकार जमिनीशी जोडलेला असल्याने दलदलीचे निरुपयोगी तुकडे नावावर करून नवे मतदार तयार करण्याचे प्रकारही याच काळात वाढले. महाभियोगाने मंत्रिमंडळ पडले, जून १८८४मध्ये योहान स्वेरड्रुप पंतप्रधान झाला, आणि त्याच वर्षी आधी व्हेन्स्ट्रे आणि मग होयरे हे पक्ष रीतसर स्थापन झाले. स्वीडनमध्ये १८८९मध्ये सोशल डेमोक्रॅट, १९०२मध्ये उदारमतवादी आणि १९०४मध्ये परंपरावाद्यांची देशव्यापी निवडणूक संघटना आली.

निर्णय

पूर्वपक्षाचे एक म्हणणे शिल्लक राहते आणि ते मौल्यवान आहे. प्रतिनिधी ओळखीचा असावा, मतदानाला गांभीर्य असावे, निवडून येणे हे कर्तव्य मानले जावे. पक्षांनी ही अपेक्षा पुष्कळदा पायदळी तुडवली आहे, आणि ती मागे घेण्याचे कारण नाही.

मुख्य प्रश्नावर मात्र निकाल उत्तरपक्षाच्या बाजूने जातो. पक्ष नसताना हितसंबंध नाहीसे झाले नव्हते. ते जन्म, जमीन, पद आणि प्रतिष्ठा यांच्या आड होते आणि त्यांना प्रश्न विचारण्याची सोय मतदाराजवळ नव्हती. आपल्या परगण्यातला चांगला माणूस त्याला निवडता येत होता, देशाचे सरकार निवडता येत नव्हते. पक्ष आल्यावर दूरदूरच्या मतदारांची मते एका मागणीभोवती जमली आणि त्या मागणीला सत्तेपर्यंत वाट मिळाली. नॉर्वेत सर्व पुरुषांना मत १८९८मध्ये मिळाले आणि थेट निवडणूक १९०६मध्ये झाली. स्त्रियांना नॉर्वेत १९१३मध्ये आणि डेन्मार्कमध्ये १९१५मध्ये संसदेसाठी मताचा हक्क मिळाला. स्वीडनमध्ये स्त्रियांनी १९२१मध्ये प्रथम संसदेसाठी मत दिले. यांतला एकही हक्क पक्षांविना चाललेल्या काळात मिळालेला नाही.